पंधरा नंबर

आमच्या शाळेकडे जर्सीचा एकच संच होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे नंबर चार ते पंधरा, आणि शिंप्यानं नंबर वाढेल तसं माप वाढवत नेलेलं. त्यामुळे पंधरा नंबर कुणाला द्यायचा हे कधी ठरवावं लागायचं नाही. सगळ्यात उंच मुलाच्या अंगाला तोच यायचा. २००७ च्या जूनमध्ये एक मुलगा दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे आठवीत आला आणि पंधरा नंबरही त्याला आखूड झाला. सव्वातेरा वर्षांचं पोर, उंची पाच फूट दहा इंच. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पंधरा नंबरच म्हणतो, कारण तीन वर्षं मी त्याच्यात बहुतेक तेवढंच पाहिलं.

मी नागपुरातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. बास्केटबॉल हा माझा खेळ. विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं होतो, बराचसा काळ बाकावर. आपल्या शाळेचा संघ राज्यस्तरावर न्यायचा, ही नोकरी लागल्या दिवसापासूनची माझी इच्छा. तो मुलगा रांगेत शेवटी येऊन उभा राहिला त्याच दिवशी मी मनानं तिथे पोचलो होतो. पुढे जे घडलं त्यातलं काहीही मी मुद्दाम केलं नाही. पण मुद्दाम केलं नाही म्हणून त्याचं नुकसान कमी झालं नाही, आणि ते नुकसान नेमकं कसं झालं हे मला एकदा नीट लिहून काढायचं आहे.

सुरुवातीच्या पंधरवड्यातलं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. मधल्या सुट्टीत डबा अर्धवट सोडून तो सहावी-सातवीच्या बारक्या पोरांत खेळायचा. चपला कडेला काढून, सिमेंटच्या कोर्टवर अनवाणी. बॉल स्वतः मागून पुढे आणायचा. दोघं अंगावर धावून आले की क्षणभर थांबायचा, मान एका बाजूला ठेवायचा आणि पास दुसऱ्याच बाजूला सोडायचा. सातवीतला एक बुटका मुलगा होता. तो कुठे धावणार हे त्या मुलाच्या आधी याला कळलेलं असायचं. इतक्या उंच मुलाच्या हातात बॉल असा खेळावा आणि त्याला कोर्टवरची मोकळी जागा अशी दिसावी, हे मी त्याआधी शाळेच्या मैदानावर पाहिलं नव्हतं. त्यानंतरही क्वचितच पाहिलं. आणि मी काय केलं, तर शिट्टी वाजवली.

‘‘तू ड्रिबल नाही करायचं, बेटा. तू रिंगखाली उभं राहायचं, हात वर.’’

‘‘काहून सर?’’

‘‘वर कोणाचा हात पोचत नाही म्हणून.’’

त्यानं मान हलवली आणि रिंगखाली जाऊन उभा राहिला. आज्ञाधारक मुलगा होता. मला तो तेव्हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटला होता.

चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत अशा एका मुलाच्या जोरावर कसं जिंकतात, ते कोणत्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. रिंग सगळ्यांना सारखीच, ३.०५ मीटर. साडेचार-पाच फुटांच्या पोरांना ती आभाळाएवढी वाटते. आपण २-३ झोन लावायचा, म्हणजे पुढे दोघं आणि मागे तिघं, मधोमध हा. प्रतिस्पर्धी आत आले की याचे हात दिसतात, मग ते लांबून फेकतात, लांबून फेकलेलं त्या वयात लागत नाही, आणि रिबाउंड याचाच. आपल्या चढाईत बॉल उंच फेकायचा. हा उडी न मारतासुद्धा पकडतो, वळतो, टाकतो. यात कुणाला पाय हलवून डिफेन्स शिकावा लागत नाही, पास शिकावा लागत नाही, डावा हात शिकावा लागत नाही. मी यातलं काहीच शिकवलं नाही. जिल्हा जिंकलो, विभाग जिंकला, त्या वर्षी शाळा पहिल्यांदा राज्यस्तरावर गेली आणि उपांत्यपूर्व फेरीत हरली. विभागाच्या अंतिम सामन्याचं माझ्या वहीतलं पान अजून आहे: आमचे ४२ गुण, त्यातले २७ त्याचे. पास देऊन दुसऱ्याला बास्केट करून दिलं, याची नोंद करायला मी त्या वहीत रकानाच आखलेला नव्हता.

शाळेत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो. फोटोत माझा हात त्याच्या खांद्यावर आहे, आणि त्यासाठी मला जरा टाचा उंचवाव्या लागल्या होत्या.

आता उंचीबद्दल. त्या मुलाच्या ओठावर तेराव्या वर्षीच लव आली होती, आवाज फुटला होता. जन्म फेब्रुवारीतला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या हिशेबानं ठरणाऱ्या वयोगटात तो तसाही थोरल्यांपैकी. वडील प्रवेशाच्या वेळी भेटायला आले तेव्हा माझ्यापेक्षा दोन बोटं बुटके. ही सगळी चिन्हं माझ्यासमोर होती. मुलांची उंची एका वेगानं वाढत नाही. साधारण तेरा-चौदाच्या सुमारास ती झपाट्यानं वाढते, पण कुणाची ही भरती बाराव्या वर्षी येऊन जाते, कुणाची पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत येतच नाही. लवकर वाढलेलं पोर तेव्हा राक्षसासारखं दिसतं आणि सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या शेजारी येऊन उभे राहतात, काही पुढेही जातात. बी.पी.एड.ला आम्हाला हे शिकवलं होतं, परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती. मैदानावर मात्र मी उशिरा येणारी गाडी आणि लवकर आलेली गाडी यातला फरक विसरलो आणि लवकर आलेली तेवढी लांबचं अंतर कापणार असं धरून चाललो.

त्याच वर्षी तो बुटका सातवीतला मुलगा संघाच्या निवडीला आला होता. मी त्याला खो-खोला पाठवून दिलं. दोन मिनिटांत. त्याबद्दल माझ्याजवळ याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि हेच वाईट आहे.

दर जूनमध्ये नव्या मुलांना मी एक गोष्ट सांगायचो. मायकल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढून टाकलं होतं, तो घरी जाऊन रडला, मग त्यानं जिद्द धरली आणि जगातला सर्वांत मोठा खेळाडू झाला. ही गोष्ट जगभरचे शिक्षक सांगतात. पुढे केव्हातरी मी ती मुळातून वाचली. नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन गाव, लेनी हायस्कूल, साल १९७८. जॉर्डन पंधरा वर्षांचा, उंची पाच फूट दहा इंच. त्याला काढून टाकलं नव्हतं, ज्युनियर संघात ठेवलं होतं. मोठ्या संघात त्याच्या वर्गातल्या लेरॉय स्मिथला घेतलं, कारण तो बराच उंच होता आणि संघाला उंची हवी होती. ज्युनियर संघात जॉर्डनला पूर्ण वेळ खेळायला मिळालं, बॉल त्याच्या हातात राहिला, चुका करायला मुभा मिळाली. उंची नंतर वाढली, सहा फूट सहा इंचांपर्यंत. पण ती येईपर्यंत बुटक्या खेळाडूचे हात आणि डोळे त्याच्याकडे तयार होते.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षं मी ती गोष्ट जॉर्डनच्या बाजूनं सांगत होतो. माझ्या पोरांना वाटावं की आपण सगळे जॉर्डन. प्रत्यक्षात माझ्याकडे ज्युनियर संघच नव्हता. बारा जणांचा एक संघ, बाकीच्यांनी घरी जायचं. मी दरवर्षी उंच मुलगा निवडणारा होतो. पाच फूट दहा इंच हीच उंची, पंधराव्या वर्षी एकाच्या वाट्याला आली आणि त्याला ‘अजून शीक’ म्हणून खाली ठेवलं गेलं. माझ्या मुलाच्या वाट्याला ती तेराव्या वर्षी आली आणि मी त्याला सांगितलं की तुला शिकायची गरज नाही. लेरॉय स्मिथ पुढे कॉलेजात खेळला, त्याचं काही बिघडलं नाही. माझ्या मुलाचं तसं झालं नाही.

राज्यस्तरावर जायला तीन आठवडे होते तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याखाली सुपारीएवढा उंचवटा आला. हात लावू देईना. पायऱ्या उतरताना कठडा धरायचा. सरावात मात्र काही बोलला नाही. मला त्याच्या आईनं सांगितलं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फार सोप्या शब्दांत समजावलं. गुडघ्याच्या वाटीखालून जी जाड दोरी उतरते ती नडगीच्या वरच्या टोकाला जिथे चिकटते, तिथलं हाड वाढत्या वयात अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. प्रत्येक उडीला मांडीचा स्नायू ती दोरी ओढतो, दोरी ते कोवळं हाड ओढते. सतत उड्या, सतत पळणं, त्यात सिमेंटचं कोर्ट. ऑसगूड-श्लाटर म्हणतात त्याला. बोस्टनच्या आणि झुरिकच्या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये वेगवेगळं त्याचं वर्णन केलं, म्हणून दोघांची नावं. घाबरण्यासारखं नाही, डॉक्टर म्हणाले, वाढ थांबली की बहुतेकांचं आपोआप शमतं. पण आता उड्या कमी करा. दुखेल तेवढं खेळू नका.

मी विचारलं, ‘‘तीन आठवड्यांत बरा होईल?’’

डॉक्टर माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘‘तुम्ही त्याचे वडील का?’’

मी ‘नाही’ म्हटलं. वडील शेजारीच बसले होते, टोपी हातात घेऊन. एसटीत कंडक्टर होते ते, त्या दिवशी रजा टाकून आले होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, ‘‘भाऊ, डॉक्टरांनी घाबरायचं नाही असंच सांगितलं ना. आपण स्प्रे मारू, पट्टी बांधू. राज्यस्तर झाला की महिनाभर पूर्ण आराम.’’ ते म्हणाले, ‘‘तुमाले समजते सर. तुमी म्हणान तसं.’’ मुलाला मी विचारलं, ‘‘जमेल ना बेटा?’’ आता कळतं की हा प्रश्न नव्हताच. तेरा वर्षांचा मुलगा, ज्याला सगळी शाळा पंधरा नंबर म्हणून ओळखायला लागली होती, तो आपल्या सरांना ‘जमत नाही’ असं कसं सांगणार होता? तो म्हणाला, ‘‘जमते सर.’’

तो खेळला. मध्यंतरात स्प्रे मारून खेळला. राज्यस्तरानंतर महिनाभर आराम द्यायचा होता, तो मी आठ दिवस दिला, कारण एक निमंत्रितांची स्पर्धा आली. गुडघ्याचं दुखणं पुढच्या वर्ष-दीड वर्षात खरंच गेलं. पण त्या काळात डाव्या पायावरून उडी टाकायची त्याची सवय सुटली ती सुटलीच. आणि दुसरी एक गोष्ट तो माझ्याकडून शिकला: दुखलं तर सांगायचं नाही. बोट मुरगळलं, ताप आला, पोटात कळ आली, मला कधीच कळलं नाही. मी इतर मुलांना त्याचं उदाहरण द्यायचो. म्हणायचो, याच्याकडून शिका.

याच सुमाराला मी त्याचं क्रिकेट बंद केलं. गल्लीतल्या पोरांशी रविवारी खेळायचा. बोट मोडेल म्हणून मी मनाई केली. नंतर २०१६ मध्ये एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेनं मिळून मुलांच्या खेळासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निदान चौदा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मी ते वाचलं तेव्हा तो बावीस वर्षांचा झालेला होता.

दहावीचं वर्ष हा माझ्या चुकांतला सगळ्यात जड भाग आहे, आणि तो कोर्टाबाहेरचा आहे. त्याचं गणित कच्चं होतं. वडिलांनी शिकवणी लावायचं ठरवलं. वेळ नेमकी संध्याकाळी साडेपाचची, आमच्या सरावाची. मी त्यांच्या घरी गेलो. चहा घेत मी त्यांना सांगितलं की राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावीला क्रीडागुण मिळतात, हा मुलगा राष्ट्रीय खेळणार आहे, याची नोकरी पक्की समजा. आरक्षण आहे हे खरं. क्रीडागुण मिळतात हेही खरं. पण त्या आरक्षणाला ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते, प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि त्यानंतरही परीक्षा द्यावीच लागते, गणितासकट. हे मी बोललो नाही. ‘पक्की’ हा शब्द मी वापरला. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडून दोन मुलांना वाढवलं, त्याला मी माझ्या सरावाच्या दोन तासांसाठी हमी दिली, आणि त्यानं ती शिक्षकाची हमी म्हणून घेतली. शिकवणी लागली नाही. दहावीत तो गणितात जेमतेम सुटला. त्याला विज्ञान शाखेला जायचं होतं, ते राहिलं.

२०१० साली तो अकरावीत होता. राज्याच्या संघाच्या निवड चाचणीला मी त्याला घेऊन गेलो. नागपूरहून रात्रभराचा रेल्वेप्रवास. त्याची उंची पाच फूट साडेअकरा इंच झाली होती आणि तिथेच थांबली होती. चाचणीला आलेल्या मुलांत सहा फूट दोन-तीन इंचांची पाच-सहा जणं होती. मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो, आणि माझ्या पोटात गोळा आला. यातली कित्येक मुलं तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या खांद्याला लागत असणार.

खेळही बदलत होता. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. रिंगखालचा खाली रुंद होत जाणारा चौकोन जाऊन सरळ आयत आला. रिंगखाली नुसतं उभं राहणाऱ्याचे दिवस सरत चालले होते. निवड समितीतल्या एकानं त्याची उंची विचारली आणि सरळ म्हटलं, ‘‘मग हा गार्ड खेळेल. बॉल आणायला सांगा.’’ त्यात त्या माणसाचं काहीच चुकलं नाही. सहा फुटांच्या आतल्या सोळा वर्षांच्या मुलाला मीही तेच सांगितलं असतं.

चाचणीच्या सामन्यात समोरच्यांनी पूर्ण कोर्टावर प्रेस लावला, म्हणजे बॉल आणणाऱ्याला पहिल्या पावलापासूनच घेरलं. पहिला बॉल त्यानं उजव्या हातानं घेतला, दोन पावलं आला, बचाव करणाऱ्यानं त्याला डावीकडे ढकललं. डावा हात नव्हताच. बॉल गेला. दुसऱ्यांदा तसाच गेला. तिसऱ्यांदा तो थांबला. दोघं अंगावर आले होते. त्यानं मान एका बाजूला वळवली आणि बॉल दुसऱ्या बाजूला सोडला. तीच ती मधल्या सुट्टीतली हालचाल. पण तीन वर्षं न वापरलेली, एका क्षणानं उशिरा आलेली. बॉल बाहेर गेला. कडेला उभ्या असलेल्या दोन मुलांना हसू आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चूक झाली की तो माझ्याकडे पाहायचा, सवयीनं. मी हात वर करून दाखवला: रिंगखाली जा. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी माझ्याकडे दुसरी खूण तयारच झाली नव्हती.

यादी लागली. त्यात नाव नव्हतं. परतीच्या गाडीत तो वरच्या बर्थवर तोंड फिरवून पडून होता. बडनेऱ्याला चहा आला तेव्हा मी हाक मारली. तो जागा होता, तरी बोलला नाही. त्या वर्षी काही सामने खेळला, बारावीला सरावाला येणं बंद केलं. मला राग आला. कृतघ्न वाटला. चार-पाच वर्षं मी लोकांना सांगत होतो की पोट्ट्यात दम होता, पण जिद्द नव्हती. हे माझं बोलणं मला आता सगळ्यात जास्त टोचतं.

२०१५ मध्ये पंजाबच्या बल्लो के गावच्या सतनामसिंग भामराला डॅलस मॅव्हरिक्सनं ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. सात फूट दोन इंच. त्या पावसाळ्यात माझ्याकडे पालकांची रांग लागली: सर, आमचा पण उंच आहे. एका मुलाला घेऊन त्याची आई आली होती. मी त्याला रिंगखाली उभं करणार होतो, शिट्टी तोंडाशी गेलीही होती. मग ती खाली ठेवून मी त्याला म्हटलं, बॉल घे आणि डाव्या हातानं या टोकापासून त्या टोकाला ने. त्यानं सहा वेळा बॉल पायावर आपटून घेतला. त्याला मी पुढची दोन वर्षं पॉइंट गार्ड खेळवला. चौदाखालच्या संघासाठी झोन बंद केला, दुसरा संघ काढला, वहीत मिनिटांचा आणि दुखण्याचा रकाना आखला. तेव्हापासून आम्ही जिल्ह्यातच हरतो. मुख्याध्यापक विचारतात, मी सांगतो. कधी पटतं त्यांना, कधी नाही.

गेल्या दिवाळीत मी पंधरा नंबरच्या घरी गेलो. तो नागपुरातल्याच मिहान प्रकल्पात एका गोदामात सुपरवायझर आहे, लग्न झालं आहे. वडील आता थकले आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि ‘सर आले, सर आले’ म्हणत राहिले. मी बोलायचं ते मनाशी जुळवून नेलं होतं. शिकवणीचं आधी बोललो, वडिलांसमोरच. ते हसून म्हणाले, ‘‘जाऊ द्या ना सर, झालं ते झालं.’’ मग मी ड्रिबलचं बोललो, चाचणीचं बोललो. तो खाली पाहून ऐकत होता. म्हणाला, ‘‘सर, तेव्हाचे दिवस माझे सगळ्यात चांगले दिवस होते.’’ मला त्याचं काय करावं कळेना. मी माफी मागायला गेलो होतो, तो आभार मानत होता.

लक्ष्मीपूजनाची वेळ झाली. तो पाटासमोर वाकला, एक गुडघा जमिनीवर टेकवला आणि चटकन उचलून खाली उशी सरकवली. डावा गुडघा. पँट वर सरकली होती. सुपारीएवढा तो उंचवटा तसाच होता, हाडासारखा कडक.

‘‘अजून दुखतं?’’ मी विचारलं.

‘‘टेकवला तर बोचते थोडं.’’

‘‘आणि तेव्हा?’’

समईची वात पुढे सारत असलेला त्याचा हात थांबला. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, तसंच, चूक झाल्यावर पाहायचा तसं.

‘‘तेव्हा तं लय दुखे, सर.’’